कागदालाही कळू नये इतकं

२ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कलाकारानं आपली प्रक्रिया लिहून ठेवावी असं म्हणतात. कोण म्हणतं ते आठवत नाही, पण कुणीतरी म्हणत असणारच. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तेव्हा खोटं लिहायचं काही कारण नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमच्या रंगीत पेन्सिल मंडळाचं प्रदर्शन आहे. प्रत्येकानं एक चित्र द्यायचं. आणि ते बघायला आत्या येणार आहे.

काल तिचा फोन आला होता. डॉक्टर म्हणाले म्हणे, नजरेच्या मधोमध धुकं धरलंय, ते हटणार नाही, वाढतच जाईल. कडेचं दिसतं, समोरचं जातं. तेव्हा तुझं एक चित्र बघून घेते, म्हणाली. दुकान बंद व्हायच्या आत दूध आणते म्हणावं, इतक्या सहज म्हणाली. मी म्हटलं, ये की, चित्र जवळजवळ झालंय.

दुरुस्ती : चित्र सुरू व्हायचंय. पण डोक्यात झालंय, आणि चित्र आधी डोक्यात होतं हे आत्याच म्हणायची.

३ सप्टेंबर, बुधवार. सकाळी

लवकर उठून पेन्सिलींना टोकं काढली. सगळ्या पेन्सिलींना. टोक सुईसारखं हवं. टोकं काढून होईतो दुकानात कामावर जायची वेळ झाली. पाया भक्कम झाला. उद्या चित्र.

४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी

टोकं तपासली. आकाशी आणि फिकी राखाडी जरा बोथट वाटल्या. पुन्हा काढली.

६ सप्टेंबर, शनिवार

मंडळाची बैठक. मला विचारायचं होतं, की फिक्या चित्रांना खिडकीजवळची भिंत मिळेल का. म्हणून हात वर केला. नेमक्या त्याच वेळी अध्यक्षबाई विचारत होत्या, बैठकीनंतर खुर्च्या कोण उचलून ठेवणार. बाई म्हणाल्या, वा, शाब्बास, आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. आता दर शनिवारी खुर्च्या माझ्याकडे.

बोलायच्या आधी हात वर करायचा ही घरच्या शाळेची सवय. इथे सगळे एकदम बोलतात. अशा ठिकाणी हात वर करून बसलेला माणूस पंख्याकडे बोट दाखवतोय असंच वाटतं. असो. खुर्च्यांसारखी जबाबदारी विश्वासू माणसावरच टाकतात.

सफरचंदवाले काका खुर्च्या उचलायला थांबले. त्यांना नाव आहे, पण कुणी घेत नाही, कारण मंडळात आल्यापासून ते सफरचंदच काढतायत. एकच. लाल. इतकं दाबून रंगवतात की शिसं मोडल्याचा आवाज हॉलभर येतो. वरून पांढरी पेन्सिल घासघासून त्याला चमक आणतात. कागदाची पार रया जाते. मला म्हणाले, खाली चहा घेऊ या का, तुमचं चित्र काय चाललंय ते तरी कळेल. मी म्हटलं, मला काम आहे.

दुरुस्ती : काम नव्हतं. पण दाबून रंगवणाऱ्या माणसाशी रंगांबद्दल बोलायचं तरी काय?

घरी येऊन चहा केला. शांतपणे घेतला. कलाकाराला शांतता लागते. शेजारच्या खोलीतला रेडिओसुद्धा आज बंद होता, त्यामुळे शांतता जरा जास्तच झाली.

७ सप्टेंबर, रविवार

प्रेरणा शोधायला बाहेर पडले. नदीकाठच्या बाकांवर लोक जोडीजोडीनं बसले होते, त्यामुळे नदीच्या बाजूची प्रेरणा बुक होती. बागेत काम चालू होतं. नवी चप्पल चावली. लंगडत घरी आले, जेवायला बसले, आणि तिथेच सुचलं.

माझं टेबल भिंतीला चिकटवलेलं आहे. तसं लावलं की एकच खुर्ची पुरते. भिंतीकडे बघत जेवता जेवता मला आमचं टेबल आठवलं. घरचं. तेच काढायचं.

लहानपणी आम्ही डोंगरावर राहायचो. बाबा हवामान केंद्रात होते. आसपास दुसरं घर नाही, मग शाळा कुठली. म्हणून शाळा घरात, जेवणाच्या टेबलावर. आई गणित आणि भाषा. बाबा भूगोल, म्हणजे खिडकीबाहेर त्या दिवशी जे काय असेल ते. आत्या चित्रकला आणि वळण. विद्यार्थिनी मी एकटी. तरी आई रोज हजेरी घ्यायची, आणि मी रोज हजर असायचे. वर्गात कायम पहिली यायचे. शेवटचीही मीच, पण ते कुणी लावून धरलं नाही.

चित्रकलेचा नियम एकच होता. हलक्या हातानं. कागदालाही कळू नये इतकं. मी जरा दाबलं की आत्या नुसतं अंहं म्हणायची. पट्टी परवडली असती. माझी सगळी कला त्या अंहंवर उभी आहे. दाब म्हणजे हिंसा. रंग लादायचा नसतो, सुचवायचा असतो. (हे वाक्य माझं स्वतःचं. प्रदर्शनाच्या कार्डावर शोभेल.)

कागदही ठरला. डोंगर सोडताना आत्यानं मला एक गठ्ठा दिला होता, त्यातला शेवटचा कोरा. पातळ आहे, कडेनं पिवळा पडलाय. अध्यक्षबाई सांगतात, चांगला जाड कागद घ्या. त्या सगळ्यांना सांगतात. मी म्हणजे सगळे नव्हे.

११ सप्टेंबर, गुरुवार

पहिला थर झाला. क्रीम. टेबलाचा पृष्ठभाग आणि चार खुर्च्या, त्यातली एक बुटकी, माझी. तिच्यावर उशी, कारण तिच्याशिवाय माझी हनुवटी टेबलाला लागायची. टेबलावर आत्याचा चष्मा, घडी घालून ठेवलेला. माणसं नाहीत. रिकामपण हाच विषय आहे.

थर इतका हलका जमला की मधे पाणी प्यायला उठले आणि परत आल्यावर कुठवर आले होते ते सापडेना. कागद तिरका धरल्यावर सापडलं. आत्या खूश होईल.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुसरा थर, फिकी राखाडी. कागद पुठ्ठ्यांच्या मधे घालून दुकानात नेला.

दुकान चष्म्यांचं. माझं काम गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवायची, आरसा धरायचा, आणि मालक नंबर तपासत असताना तक्त्यापाशी उभं राहून ओळ दाखवायची. दिसतंय का? आता? आता स्पष्ट? कधी कधी घरी आल्यावर लक्षात येतं, की दिवसभरात ह्यापलीकडे एक वाक्य तोंडातून गेलेलं नाही. घसा चांगला राहतो.

दुपारी मालकांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दारात उजेडाला गेले. म्हणाले, कागद जुना दिसतोय. मग म्हणाले, सुरू कधी करणार? मी म्हटलं, दोन थर झालेत. असं का, म्हणाले. चष्मा पुन्हा पुसला. शेवटी स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, जरा माझा नंबर बघू या का?

कलेनं माणूस अंतर्मुख होतो, तो असा.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आत्याचा फोन. म्हणाली, काल चहा कपाच्या शेजारी ओतला. सरळ बघून ओतला ना, म्हणून. आता वाकडं बघून ओतते, बरोब्बर कपात पडतो. आणि हसली.

मग विचारलं, काय काढतेयस? मी म्हटलं, आपलं टेबल. ती म्हणाली, अगंबाई, म्हणजे तपकिरी. मी म्हटलं, हो, तपकिरीकडे चाललंय. ती म्हणाली, चाललंय म्हणजे कुठवर पोचलंय? मी म्हटलं, क्रीमच्या पुढे.

ती म्हणाली, बघ हं, मला घाई नाही, डोळ्यांना आहे.

फोन ठेवल्यावर लगेच गडद तपकिरी पेन्सिल काढली. टेबलाच्या पायावर टेकवली. हातानं अंहं म्हटलं. आपोआप. बाहेर आभाळही आलं होतं, खरा रंग कळला नसता. रविवारी, चांगल्या उजेडात.

२० सप्टेंबर, शनिवार

मंडळात सगळ्यांनी आपापली अर्धी चित्रं लांब टेबलावर मांडायची होती. मी माझं मांडलं. अध्यक्षबाई एकेकाला सूचना देत आल्या. माझ्यापाशी आल्या, आणि हातातला चहाचा कप माझ्या चित्रावर ठेवून पुढच्या चित्राकडे वळल्या.

मी हात वर केला. कुणी बघेना. तेवढ्यात सफरचंदवाले काका मोठ्यानं म्हणाले, अहो बाई, ते चित्र आहे! आणि कप उचलला. सगळे माझ्या कागदाकडे बघायला लागले. बाई म्हणाल्या, अगं बोलायचं नाही का? मी म्हटलं, हात वर केला होता. त्या म्हणाल्या, मला वाटलं तुला खुर्च्यांचं काही विचारायचंय.

डाग पडला नाही, नशीब. पण काकांनी कागद कोपऱ्याला धरून उचलला आणि कितीतरी वेळ तिरका करून बघत बसले. असं दुसऱ्याच्या कागदाला हात लावू नये. म्हणाले, ह्या खुर्च्यांवर कुणी येऊन बसणार आहे का? मी म्हटलं, नाही, रिकामपण हाच विषय आहे. ते म्हणाले, अस्सं. मग बरोबर आहे.

खुर्च्या उचलताना पुन्हा चहाचं विचारलं. मी म्हटलं, काम आहे. आज खरंच होतं. चित्राचा तिसरा थर.

दुरुस्ती : तिसरा थर दिला नाही. कप ठेवलेल्या जागेकडे बघत बसले.

२८ सप्टेंबर, रविवार

उजेड उत्तम. आज गडद तपकिरी, काही झालं तरी. गडद रंगाला टोक सर्वांत बारीक हवं, नाहीतर रेघ दांडगी येते. शार्पनर फिरवला. टोक आलं, मोडलं. पुन्हा फिरवला. आलं, पण एका बाजूनं लाकूड वर चढलेलं. असं करता करता गडद तपकिरी अंगठ्याएवढी उरली, आणि कागदावर तिची एक रेघ नाही.

थांबायचं कुठे हे कळणं म्हणजेच कला. चित्राला तपकिरीची गरज नव्हती. आत्याला काय, इशारा पुरतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चित्र पूर्ण. म्हणजे द्यायची वेळ पूर्ण झाली. फ्रेम करून हॉलवर पोचवलं. कार्डावर माझं वाक्य लिहिलं. जागा सफरचंदाच्या शेजारी मिळाली. बिचाऱ्या सफरचंदाची आता तुलना होणार. मला वाईट वाटलं.

आत्यासाठी नवी उशी आणली. उद्या ती माझ्याकडेच राहणार आहे. ह्या खोलीत राहायला आलेलं ती पहिलंच माणूस. खुर्ची एकच आहे, पण पलंग आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी

प्रदर्शन सुरू झालं. हॉलच्या जिन्याशी बसून लिहितेय. अंदाजापेक्षा चांगला प्रतिसाद. एक बाई माझ्या चित्रासमोर खूप वेळ थांबल्या. केस सारखे केले, टिकली नीट केली, मग समाधानानं पुढे गेल्या. त्यांच्यामागून एका गृहस्थांनी त्यातच बघून दातात अडकलेलं काहीतरी काढलं. माणसाला स्वतःकडे बघायला लावणारं चित्र ह्या हॉलमध्ये दुसरं नाही.

आत्याची बस थोड्या वेळात येईल.

४ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी

आत्या पलंगावर पडलीये. प्रवासानं दमली. जे झालं ते झालं तसं लिहिते.

स्टँडवरून तिला हाताला धरून आणलं. ती आता पाखरासारखी मान तिरकी करून बघते. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या मान वळवली आणि ओरडली, अगं हे सफरचंद! लाल आहे ना? केवढं लाल आहे! इथून दिसतंय मला! सगळे हसले. सफरचंदवाले काका असे उभे राहिले जसं ते सफरचंद झाडाला त्यांनीच लावलं होतं.

मग मी तिला माझ्या चित्रासमोर उभं केलं. ती बघत राहिली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. इतकी जवळ गेली की काचेला नाकाचा ठसा उमटला. हळूच मला म्हणाली, ह्यात कागद घालायचा राहिला का गं?

मी म्हटलं, कागद आहे. ती म्हणाली, मला काच दिसतेय, आणि काचेत मी. मी फ्रेम भिंतीवरून उतरवली आणि खिडकीपाशी धरली. दिसतंय का? जरा तिरकी केली. आता? आणखी तिरकी केली. आता स्पष्ट? माझा दुकानातला आवाज लागला होता. ती म्हणाली, नाही गं बाळ.

पुढे कसं कोण जाणे, पण काका बोलायला लागले. म्हणाले, ताई, मधे एक टेबल आहे. चार खुर्च्या आहेत. एक बुटकी, तिच्यावर उशी. उशीचा एक कोपरा उसवलाय. टेबलावर चष्मा ठेवलाय, त्याची एक काडी वाकलेली आहे.

उसवलेला कोपरा मी काढल्याचं मलाही आठवत नव्हतं. आत्या म्हणाली, काडी वाकलेली म्हणजे माझाच. ही त्याच्यावर बसली होती. काका माझ्याकडे बघायला लागले, अध्यक्षबाईसुद्धा. मला काहीतरी म्हणायचं होतं. मी हात वर केला.

कुणाच्या लक्षात आलं नाही. आत्या भलतीकडेच तोंड करून उभी होती, पण कडेचं तिला दिसतं. म्हणाली, हं, बोल गं.

मी म्हटलं, काही नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

प्रदर्शन एकाच दिवसाचं होतं, चित्र काल येतानाच घरी आणलं होतं. सकाळी चहा झाल्यावर आत्या म्हणाली, तो कागद फ्रेममधून काढून दे बरं माझ्या हातात. दिला. ती खुर्चीवर, मी पलंगावर. तिनं पुढून बोट फिरवलं, मग उलटा करून मागून फिरवलं. सावकाश, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. म्हणाली, मागची बाजू काय स्वच्छ ठेवलीयस गं! एक ठसा नाही. शाब्बास.

तिच्या तोंडच्या शाब्बासची मी किती वाट बघितली होती. म्हटलं, तुझाच नियम. ती म्हणाली, कुठला? मी सगळा सांगितला. कागदालाही कळू नये, रंग लादायचा नसतो, दाब म्हणजे हिंसा.

ती म्हणाली, कसली हिंसा?

मग हसायला लागली आणि हसता हसता तिला खोकला आला. म्हणाली, अगं, सामानाची गाडी महिन्यातून एकदा वर यायची. कागद यायचा तो तेव्हाच. तू दाबून काढायचीस, मागे उमटायचं, की मागची बाजू वाया. तुझी आई माझ्या डोक्यावर बसायची, वन्सं, गणितं कशावर घालू म्हणून. म्हणून मी हलक्या हातानं म्हणत होते. पुढे मोठ्या शाळेत गेलीस, वह्या मिळाल्या. मला वाटलं, आता दाबत असशील.

मी म्हटलं, नाही.

ती म्हणाली, कधीच?

मी पाणी आणायला उठले.

परत आले तर ती कागद टेबलावर उलटा अंथरून बसली होती. म्हणाली, ही बाजू कोरी आहे. माझं तोंड काढ. मला दिसेल असं. मी म्हटलं, कागद पातळ आहे, पुढचं बिघडेल. ती म्हणाली, पुढे काय आहे?

टेबल भिंतीपासून ओढलं. मी पलंगाच्या टोकाला बसले, ती समोर. हाताला लागली ती अंगठ्याएवढी गडद तपकिरी. थोटूक नीट धरताही येत नव्हतं. मी कपाळाची रेघ काढली. आत्यानं मान वाकडी केली आणि म्हणाली, अंहं.

मी हात उचलला. ती म्हणाली, दाब.

दाबलं. अंहं. आणखी दाबलं. टोक कट्कन मोडलं. ती म्हणाली, हां, आता आवाज आला. मग मी टोक काढलंच नाही, तशीच घासत गेले, लाकूड लागलं तरी. कपाळ झालं, नाक झालं. आत्यानं कागद कानापाशी नेला, फोन धरावा तसा, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, हे काय, नाक? एवढं?

मी म्हटलं, तुझंच आहे.

ती म्हणाली, मेले, दिसलं गं.

६ ऑक्टोबर, सोमवार

आत्याला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून ती थेट माझ्याकडे बघत होती, म्हणजे मी तिला दिसत नसणार. तरी मी हात हलवला.

चित्र नेलं नाही तिनं. म्हणाली, माझं मी बघितलं, आता तुला राहू दे.

दुकानातून आल्यावर कागद सुलटा केला. व्हायचं तेच झालंय. मागचा दाब पुढे उमटलाय, कपाळ, नाक, हनुवटी, सगळं फुगून वर आलंय, बरोब्बर चष्म्याच्या मागच्या खुर्चीपाशी. खोडता येण्यासारखं नाही. महिन्याभराची मेहनत गेली. दिव्याखाली तिरका धरला की टेबलाशी कुणीतरी बसल्यासारखं दिसतं. नाकावरून ओळखू येतं.

टेबल पुन्हा भिंतीला लावायचं होतं. राहिलं. उद्या.

संकल्प : शनिवारी खुर्च्या उचलून झाल्या की सफरचंदवाल्या काकांना, खाली चहा घेऊ या का, असं मी होऊन विचारणार. स्पष्ट आवाजात.

दुरुस्ती : हात वर करणार.